कशावरून? अमेरिकेतलं प्रॉबेबल कॉज अ‍ॅफिडेव्हिट कसं वाचावं, कसं तपासावं

मुलाला काल रात्री पोलिसांनी नेलं. आज सकाळी वकिलाच्या हाती दोन पानं पडली. आईवडील ती उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, “एवढंच? पंचनामा कुठाय? साक्षीदारांचे जबाब कुठायत?” न्यू जर्सीत एका फौजदारी वकिलांकडे मी पॅरालीगल, म्हणजे वकिलाची सहायक, म्हणून काम करते. मराठी घरातलं प्रकरण आलं की दुभाषीही मीच असते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगलाच ओळखीचा आहे.

ती दोन पानं म्हणजे प्रॉबेबल कॉज (संभाव्य कारण) अ‍ॅफिडेव्हिट. आपल्या एफआयआरशी त्याची हमखास गल्लत होते. एफआयआर म्हणजे गुन्हा घडल्याची खबर. ती नोंदवली की तपास सुरू होतो. इथलं अ‍ॅफिडेव्हिट तपास थोडाफार झाल्यावर लिहिलं जातं, आणि ते लिहिलेलं असतं न्यायाधीशासाठी. या माणसाला अटक करायला, किंवा या घराची झडती घ्यायला, माझ्याकडे अमुक आधार आहे, असं पोलीस शपथेवर सांगतो. तो आधार पुरेसा आहे का, हे न्यायाधीश ठरवतो. १७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत आलेल्या चौथ्या दुरुस्तीत हे सगळं एका वाक्यात आहे: संभाव्य कारण असल्याशिवाय, ते शपथेवर सांगितल्याशिवाय, आणि कोणत्या जागेची झडती घ्यायची, कोणाला किंवा काय ताब्यात घ्यायचं हे नेमकं लिहिल्याशिवाय वॉरंट निघणार नाही.

आमच्या ऑफिसात पहिल्या भेटीत मी घरच्यांच्या हातात पेन्सिल देते आणि सांगते, प्रत्येक वाक्यापुढे समासात एकच शब्द लिहा: “कशावरून?” त्याचं उत्तर त्याच कागदात सापडलं तर खूण करा, नाही सापडलं तर गोल काढा. वकिलाची तपासणी याहून पुष्कळ खोल असते, पण तिची सुरुवातही इथूनच होते.

आधी कागद कोणत्या कामाचा आहे ते ओळखा

हे नाव तीन वेगवेगळ्या वेळी कानावर पडतं. पहिली वेळ अटकेच्या आधीची. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात फौजदारी तक्रार दाखल होते आणि तिला अ‍ॅफिडेव्हिट जोडलेलं असतं. गुन्हा घडला आहे आणि तो याच माणसाने केला आहे, या दोन्हींचा आधार त्यात दिसला तर मॅजिस्ट्रेट जज अटक वॉरंट किंवा समन्स काढतात. दुसरी वेळ, वॉरंट नसताना पोलिसांनी आधीच अटक केलेली असते तेव्हाची. मग अटकेला आधार होता की नाही, हे न्यायाधीशाने नंतर तातडीने बघायचं असतं. सुप्रीम कोर्टाने १९७५ साली गर्स्टीन खटल्यात हे बंधन घातलं आणि १९९१ साली रिव्हरसाइड काउंटीच्या खटल्यात त्याला साधारण ४८ तासांची मर्यादा घातली. शनिवार-रविवार मध्ये आला म्हणून ती वाढत नाही. तिसरी वेळ झडतीच्या वॉरंटची.

राज्याराज्यांत कागदाचं रूप बदलतं. फ्लोरिडात अटकेचा अहवालच या नावाने ओळखला जातो. न्यू जर्सीत तक्रारीचे दोन नमुने आहेत: सीडीआर-१ म्हणजे समन्स, सीडीआर-२ म्हणजे वॉरंट. हातात कोणता आला ते वकिलाला फोनवरच सांगा. पोरगा आज घरी येणार की तुरुंगात थांबणार, याचा अंदाज त्यावरून लगेच येतो.

किती आधार पुरतो?

इथे घरच्यांचा अपेक्षाभंग होतो. गुन्हा सिद्ध व्हावा इतका पुरावा या टप्प्यावर लागतच नाही. नुसता संशय पुरत नाही, पण खात्रीही लागत नाही. ब्रिनेगर खटल्यात १९४९ साली कोर्टाने याची कसोटी सांगितली: समजूतदार, सावध माणसाला या गोष्टी कळल्या तर गुन्हा घडला असावा असं त्याला वाटेल का? टक्केवारीत हे बसवायला कोर्टाने सतत नकार दिला आहे.

दुसरा धक्का असतो ऐकीव माहितीचा. “हे पोलिसाने स्वतः बघितलेलंच नाही, त्याला कुणीतरी सांगितलंय!” असं म्हणून वडील कागद टेबलावर आपटतात. पण सुनावणीत चालणारे पुराव्याचे नियम वॉरंट काढताना लागू नसतात. ऐकीव चालतं. फक्त ते कोणाकडून ऐकलं आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, हे लिहावं लागतं.

गुन्ह्याचे घटक एकेक करून जुळवा

कोणत्या कलमाखाली आरोप आहे ते कागदाच्या वरच्या भागात असतं. ते कलम काढा आणि त्याचे तुकडे करा. आपल्या मुलांच्या बाबतीत येणारं एक साधं उदाहरण घेऊ: दुकानातून वस्तू उचलणं. न्यू जर्सीच्या कायद्यात याचे तुकडे असे पडतात: माल दुकानात विक्रीला मांडलेला होता, तो या व्यक्तीने जाणूनबुजून घेतला, आणि पूर्ण किंमत न देता दुकानदाराला त्यापासून वंचित करण्याचा हेतू होता. त्यात मालाची किंमतही आली, कारण गुन्ह्याची श्रेणी तिच्यावर ठरते. २०० डॉलरच्या खाली असेल तर किरकोळ गुन्हा, २०० ते ५०० च्या दरम्यान चौथी श्रेणी, ५०० च्या वर गेली की तिसरी. चौथ्या श्रेणीला १८ महिन्यांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे, तिसरीला ३ ते ५ वर्षं.

आता मी समजावून सांगण्यासाठी रचलेले दोन मजकूर बघा. पहिला:

“आरोपी दुकानात संशयास्पद रीतीने वावरत होता व त्याने सुमारे ५०० डॉलरचा माल चोरला, असे विश्वसनीय माहितीवरून समजते.”

दुसरा:

“१४ मार्च रोजी संध्याकाळी ६.४० वाजता दुकानाच्या सुरक्षा कर्मचाऱ्याने मला समक्ष सांगितले की, त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर आरोपीला हेडफोनचे दोन डबे पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवताना पाहिले. आरोपी कॅश काउंटर ओलांडून पैसे न देता दाराबाहेर पडला. मी ते चित्रण स्वतः पाहिले. सॅकमधून दोन्ही डबे मिळाले. दुकानाच्या मशीनवरून काढलेल्या यादीनुसार किमती २७९ व २४९ डॉलर.”

पहिल्यावर पेन्सिल चालवा. “संशयास्पद”, कशावरून? “चोरला”, कशावरून? “विश्वसनीय”, कोणाच्या मते? त्यात निष्कर्ष आहेत, वस्तुस्थिती नाही. नेथनसन खटल्यात १९३३ साली आणि जिओर्डेनेलो खटल्यात १९५८ साली सुप्रीम कोर्टाने हेच ठणकावून सांगितलं: अधिकाऱ्याला काय वाटतं ते नको, ते वाटण्यामागची कारणं मांडा, म्हणजे निष्कर्ष न्यायाधीश काढेल.

दुसऱ्यात प्रत्येक घटकाला आधार आहे. सॅकमध्ये ठेवणं आणि काउंटर ओलांडणं यातून हेतू दिसतो. चित्रण आणि सॅक मिळून ती व्यक्ती हीच, हे दाखवतात. किमतीची बेरीज ५२८. पण इथेही पेन्सिल थांबवा. दुसऱ्या डब्यावर त्या दिवशी १९९ चं सवलतीचं लेबल असेल तर? कायदा दुकानाने मांडलेली, जाहीर केलेली किंमत धरतो. मग बेरीज ४७८ होते आणि श्रेणी बदलते. तिसऱ्या श्रेणीचा आरोप एका लेबलावर उभा आहे. अशी आकडेमोड घरच्या माणसांना वकिलाआधी दिसते हे मी अनुभवलंय, कारण ते कागद दहादा वाचतात.

माहिती कोणी दिली?

अ‍ॅफिडेव्हिटमधली सगळ्यात नाजूक जागा ही. पोलिसाने स्वतः पाहिलं असेल तर प्रश्न फारसा येत नाही. दुसऱ्या पोलिसाने सांगितलं असेल तर तसं लिहिलेलं असावं. ज्याचं नुकसान झालं तो, किंवा नाव देणारा साधा साक्षीदार, सहसा विश्वासार्ह धरला जातो. अडचण येते ती खबऱ्याची आणि निनावी फोनची.

१९६४ साली ह्यूस्टनमधून आलेल्या अग्विलार खटल्यात कोर्टाने दोन अटी घातल्या. खबऱ्याला ही गोष्ट कशी कळली? आणि तो भरवशाचा कशावरून? त्या खटल्यातलं अ‍ॅफिडेव्हिट जवळजवळ एवढंच होतं, की एका विश्वासार्ह व्यक्तीकडून खात्रीलायक माहिती मिळाली आहे आणि घरात अंमली पदार्थ आहेत असं आम्ही मानतो. कोर्टाने ते अपुरं ठरवलं.

पुढे १९८३ साली गेट्स खटला आला, आणि आजही फेडरल कोर्टात आणि बहुतेक राज्यांत त्याचीच फूटपट्टी लागते. गोष्ट तपशिलात सांगते, कारण चांगलं अ‍ॅफिडेव्हिट कसं घडतं हे तीत दिसतं. इलिनॉयमधलं ब्लूमिंगडेल हे गाव. ३ मे १९७८ ला पोलिसांना एक निनावी हस्तलिखित पत्र आलं. अमुक रस्त्यावरचं गेट्स दांपत्य ड्रग्ज विकून जगतं. बायको गाडी घेऊन फ्लोरिडाला जाते, ती तिथे माल भरायला सोडते. नवरा विमानाने जाऊन गाडी चालवत परत आणतो. तळघरात एक लाख डॉलरहून जास्त किमतीचा माल आहे. नुसत्या या पत्रावर वॉरंट मिळालं नसतं, आणि मिळूही नये. शेजाऱ्याशी भांडण झालेला माणूसही असं पत्र लिहू शकतो.

डिटेक्टिव्हने पत्ता शोधला. ५ मे च्या वेस्ट पाम बीचच्या विमानात गेट्स नावाने आरक्षण आहे हे शोधून काढलं. फेडरल एजंटांनी पाळत ठेवली. नवरा उतरून एका हॉटेलात गेला, ती खोली बायकोच्या नावावर होती, आणि दुसऱ्या सकाळी इलिनॉयची नंबरप्लेट असलेली गाडी उत्तरेकडे निघाली. एक तपशील चुकलाही: पत्रात बायको विमानाने परतते असं होतं, प्रत्यक्षात ती गाडीतच होती. तरी कोर्टाने म्हटलं, दोन अटी सुट्या सुट्या मोजू नका, सगळी परिस्थिती एकत्र बघा. पत्रातली भाकितं पोलिसांनी स्वतंत्रपणे पडताळली आहेत. गाडीच्या डिकीत सुमारे ३५० पौंड गांजा सापडला, पण वॉरंटला आधार होता की नाही हे ठरवताना तो धरता येत नाही. अर्ज करताना काय माहीत होतं, तेवढंच मोजायचं.

तुमच्या हातातल्या कागदात खबऱ्या असेल तर शोधा: पोलिसांनी स्वतः काय पडताळलं? “तो लाल गाडी चालवतो आणि अमुक ठिकाणी राहतो” ही पडताळणी कामाची नाही, एवढं शेजारपाजारच्या कोणालाही ठाऊक असतं. न्यू यॉर्कमध्ये राहत असाल तर आणखी एक गोष्ट: तिथली कोर्टं राज्याच्या घटनेखाली अजूनही अग्विलारच्या दोन अटी लावतात.

झडतीचं वॉरंट असेल तर जागा, वस्तू आणि वेळ

माणसावर संशय आहे म्हणून त्याच्या घरात पुरावा असेलच असं नाही. गुन्हा आणि ती जागा यांना जोडणारा धागा अ‍ॅफिडेव्हिटमध्ये लागतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून अफरातफर झाली असेल, तर घराचं कपाट का उघडायचं, ते लिहावं लागतं. मोबाइलचंही तसंच: २०१४ सालच्या रायली निकालानंतर अटकेत हाती लागलेला फोनही सहसा वॉरंटशिवाय उघडता येत नाही.

माहिती शिळी झाली आहे का तेही बघा. दारूबंदीच्या काळातल्या, १९३२ साली निकाल लागलेल्या स्ग्रो खटल्यात बिअर खरेदीच्या माहितीवर वॉरंट निघालं, वेळेत बजावलं गेलं नाही, आणि तीन आठवड्यांनी नवा आधार न देताच त्याच्यावर नवी तारीख टाकली. कोर्टाने ते रद्द ठरवलं. शिळेपणाला ठरलेले दिवस नाहीत. गोळ्यांची पुडी आठवड्यात संपते, हिशेबाच्या फायली वर्षभर कपाटात राहतात.

आणि नेमकेपणा. मोंटानातल्या ग्रो खटल्यात २००४ साली काय झालं बघा. अधिकाऱ्याने अर्जात शस्त्रांची यादी व्यवस्थित दिली होती, पण वॉरंटवर जिथे जप्त करायच्या वस्तू लिहायच्या, तिथे त्याने घराचंच वर्णन टाकलं: दुमजली, निळ्या रंगाचं. न्यायाधीशाने सही केली. कोर्टाने वॉरंट अवैध ठरवलं, कारण घरमालकाच्या हातातल्या कागदावर काय न्यायचं तेच नव्हतं. म्हणून वॉरंट आणि अ‍ॅफिडेव्हिट शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडा. फेडरल वॉरंट असेल तर दोन आकडे बघा: ते जास्तीत जास्त १४ दिवसांत बजावायचं, आणि खास परवानगी नसेल तर सकाळी ६ ते रात्री १० याच वेळात. नेलेल्या वस्तूंची यादी आणि पावती द्यायची असते. ती फेकू नका.

शपथ आणि सही

ही तपासणी दोन मिनिटांची. शपथ घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, किती वर्षांचा अनुभव, शपथ किंवा खोटं सांगितल्यास शिक्षेची जाणीव असल्याचं वाक्य, सही, तारीख आणि वेळ, न्यायाधीशाची सही. फोनवर किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने घेतलेली शपथही चालते, म्हणून कागदावर शाई दिसली नाही तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. वॉरंटची वेळ मात्र झडतीच्या आधीची हवी.

खोटं लिहिलं असेल, किंवा गाळलं असेल

अ‍ॅफिडेव्हिटवर विश्वास ठेवून माणसं दार फोडतात, म्हणून यातलं खोटं जीव घेऊ शकतं. ह्यूस्टनमध्ये २८ जानेवारी २०१९ ला हार्डिंग स्ट्रीटवरच्या घरात पोलीस दार न ठोठावता घुसले. माझ्या खबऱ्याने या घरातून हेरॉइन विकत घेतलं, असं गेराल्ड गोइन्स या अधिकाऱ्याने शपथेवर लिहिलं होतं. अशी खरेदी झालीच नव्हती. घरातले नवराबायको दोघंही गोळीबारात मारले गेले. २०२४ साली गोइन्सला खुनाबद्दल दोषी ठरवून ६० वर्षांची शिक्षा झाली. तो निकाल मी ऑफिसात वाचला, आणि त्या दिवसापासून “विश्वसनीय खबऱ्या” हे शब्द मला भरभर वाचताच येत नाहीत.

अशा खोट्याला आव्हान देण्याची वाट १९७८ सालच्या फ्रँक्स निकालाने घालून दिली. अधिकाऱ्याने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं लिहिलं, याचा ठोस आधार आधी दाखवावा लागतो. मग खोटा भाग वगळून उरलेलं अ‍ॅफिडेव्हिट वाचतात. उरलेल्यात पुरेसा आधार नसेल तर वॉरंट पडतं. तारखेची चूक, स्पेलिंगची चूक, गाडीच्या रंगात गफलत, यांना निष्काळजीपणा म्हणतात आणि त्यावर फ्रँक्सची सुनावणी मिळत नाही. घरच्यांना अशा चुकांवर फार आशा असते. ती मोडताना मलाही वाईट वाटतं.

काही गाळलं असेल तर तीच रीत, फक्त उलटी: गाळलेलं घालून वाचायचं. आयडाहोतल्या मॉस्को गावच्या चार विद्यार्थ्यांच्या खुनाच्या प्रकरणात अ‍ॅफिडेव्हिटमध्ये पांढऱ्या एलांट्रा गाडीचं चित्रण, फोनच्या नोंदी, चाकूच्या म्यानावरचं डीएनए आणि वडिलांच्या घरच्या कचऱ्यातलं डीएनए होतं, पण वंशावळीच्या डीएनए शोधाचा उल्लेख नव्हता. बचावाने त्यावर बोट ठेवलं. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी फ्रँक्सची सुनावणी नाकारली. त्याच वर्षी आरोपीने गुन्हा कबूल केला.

अ‍ॅफिडेव्हिट अपुरं ठरलं तरी सापडलेला पुरावा बाद होईलच असं नाही. १९८४ सालच्या लिऑन निकालाने फेडरल कोर्टांत सवलत दिली: पोलीस प्रामाणिकपणे वॉरंटवर विसंबले असतील तर पुरावा राहू शकतो. पण अ‍ॅफिडेव्हिट अगदीच कोरडं, बिनआधाराचं असेल, किंवा न्यायाधीशाची दिशाभूल केली असेल, तर ही सवलत नाही. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ साली नोव्हेंब्रिनो खटल्यात ही सवलतच राज्यापुरती नाकारली. त्यामुळे एडिसनमधल्या मुलाचा खटला राज्याच्या कोर्टात आहे की फेडरल, याने निकाल फिरू शकतो.

घरच्यांनी करायचं ते

अ‍ॅफिडेव्हिटची पूर्ण प्रत वकिलामार्फत मागा. तपास चालू असेल तर ते काही काळ सीलबंद असू शकतं. त्यात चूक दिसली तर ती सांगायला पोलीस ठाण्यात जाऊ नका. “साहेब, तो त्या वेळी तिथे नव्हता, तो तर मित्राकडे होता” या एका वाक्याने तुम्ही साक्षीदार होता, आणि कधीकधी पोलिसांकडे जो घटक नव्हता तो पुरवून येता. तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललात तरी भाषांतर होतं, मी स्वतः अशी भाषांतरं तपासली आहेत. गोल केलेली पानं वकिलाला द्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

तारखा लिहून ठेवा. फेडरल प्रकरणात आरोपी कोठडीत असेल तर पहिल्या हजेरीपासून १४ दिवसांत आणि बाहेर असेल तर २१ दिवसांत प्राथमिक सुनावणी होते. तिथे पोलिसाची उलटतपासणी घेता येते. त्याआधी ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवण्याइतका आधार आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) आरोपपत्र दिलं तर ही सुनावणी होत नाही, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. झडतीतला पुरावा वगळण्याचा अर्ज मात्र नंतरही करता येतो.

मूल एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर असेल तर हे पहिल्याच फोनवर वकिलाला सांगा. गुन्हा कबूल केल्यास हद्दपारीचा धोका आहे का, याचा सल्ला देणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं २०१० सालच्या पदिला निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे. चोरीचा छोटा वाटणारा आरोपही व्हिसाला जड जाऊ शकतो. भारतीय नागरिकाला अटक झाली की आपल्या देशाच्या वकिलातीला (कॉन्सुलेटला) कळवून घेण्याचा हक्क त्याला १९६३ सालच्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. न्यू जर्सीसाठी ती वकिलात न्यू यॉर्कमध्ये आहे. “माझ्या वकिलातीला कळवा” असं मुलाने स्वतः पोलिसांना सांगायचं असतं, म्हणून पहिल्या भेटीत वकिलाकडून त्याच्यापर्यंत हे पोचवा.